शाळा सुटली, खंजिरी नाही सुटली

समजा, तुमच्या घरात एक पोट्टं आहे. प्राथमिक शाळेच्या पुढे त्याची गाडी गेलीच नाही. अभ्यासापेक्षा भजनात त्याचं मन जास्त. घरी गरिबी आहे, आईवडिलांना त्याची काळजी आहे. आणि एक दिवस हे पोट्टं घर सोडून निघतं ते थेट जंगलात. तेही साध्यासुध्या नाही, वाघांच्या जंगलात. आपल्या ताडोबाच्या बाजूला.

गल्लीत काय चर्चा होईल ते मी सांगायची गरज नाही. वाया गेलं, असं म्हणून लोक मोकळे होतील. मुलगा बारा-पंधरा वर्षांचा आहे, त्याच्या डोक्यात या वयात नेमकं काय चाललंय, हे विचारायला कुणी थांबणार नाही.

हे पोट्टं खरंच होऊन गेलं. त्याचं नाव माणिक बंडोजी इंगळे. आज नागपूरच्या विद्यापीठाला त्याचं नाव आहे. तुमच्यापैकी ज्यांचे मोठे भाऊबहीण तिथे शिकले, त्यांच्या डिग्रीवर ते छापलेलं असेल. होय, आपले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

महाराजांचा फोटो आपण लहानपणापासून पाहतो. ग्रामपंचायतीत, शाळेत, प्रार्थनेच्या ओट्यावर. फोटोत ते कायम मोठेच असतात. त्यामुळे हा माणूसही कधीतरी चौदा वर्षांचा होता, हे आपल्या लक्षातच येत नाही. आज त्या चौदा वर्षांच्या माणिककडे बघू. सोबत थोडं विज्ञानही बघू, कारण किशोरवयीन मेंदूबद्दल आज जे माहीत आहे, ते माणिकच्या काळात कुणालाच माहीत नव्हतं.

यावलीचा माणिक

३० एप्रिल १९०९ ला अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावात माणिकचा जन्म झाला. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. परिस्थिती हलाखीची. शिक्षण यावलीत आणि वरखेडला थोडंफार झालं, मग थांबलं. पण वरखेडला माणिकला एक माणूस भेटला. आडकोजी महाराज. माणिक त्यांच्याजवळ बसायचा, भजनं म्हणायचा. माणिकचा तुकड्या केला तो त्यांनीच.

ही गोष्ट वाटते तेवढी छोटी नाही. शाळेनं ज्याला फारसं काही दिलं नाही, अशा मुलाला एका मोठ्या माणसानं जवळ बसवून घेतलं. त्याला जे येत होतं, म्हणजे गाणं, त्याला किंमत दिली. आणि माणिक किशोरवयात पाऊल ठेवत होता तेव्हाच आडकोजी महाराज गेले.

ज्यांनी त्या वयात जवळचं माणूस गमावलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मोठ्यांना वाटतं, लहान आहे, विसरून जाईल. प्रत्यक्षात या वयात भावना फार जोरात येतात. आनंद झाला तर आभाळाएवढा, दुःख झालं तर तेही तेवढंच. यात नाटक नसतं. मेंदूची बांधणीच त्या वेळी तशी असते.

कपाळाच्या मागचं काम

आता बांधणीचं बोलू. आपला मेंदू आकारानं तर सहा-सात वर्षांच्या वयातच जवळपास पूर्ण वाढलेला असतो. म्हणून पूर्वी समज होता की लहानपणीच सगळं काम संपतं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये डॉ. जे गीड यांच्या टीमनं एक साधी पण वेळखाऊ गोष्ट केली. त्याच त्याच मुलांचे मेंदू काही वर्षांच्या अंतरानं एमआरआयमध्ये पाहिले. तेव्हा दिसलं की दहा-बारा वर्षांनंतर मेंदूत मोठी दुरुस्ती सुरू होते आणि ती विशीतही चालू राहते.

या दुरुस्तीत दोन कामं होतात. पहिलं काम छाटणीचं. मेंदूतल्या पेशींमध्ये लहानपणी गरजेपेक्षा जास्त जोडण्या तयार झालेल्या असतात. ज्या वापरात आहेत त्या राहतात, ज्या वापरात नाहीत त्या हळूहळू जातात. दुसरं काम वेष्टणाचं. जास्त वापरातल्या तारांवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढतं आणि त्यातून संदेश खूप वेगानं धावतो. कच्च्या पांदणीवर डांबर पडावं तसं समजा.

हे काम मागून पुढे सरकत येतं. सगळ्यात शेवटी नंबर लागतो कपाळाच्या मागच्या भागाचा. त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. पुढचा विचार करणं, स्वतःला आवरणं, फायदा-तोटा तोलणं ही त्याची कामं. तो साधारण पंचविशीपर्यंत जुळून येतो. पंचविसाव्या वाढदिवसाला बटण दाबलं आणि झालं, असं काही नसतं; कुणाचं आधी, कुणाचं नंतर.

पण मजा आणि बक्षीस शोधणारा, डोपामिनवर चालणारा आतला भाग मात्र वयात येतानाच जोरात कामाला लागतो. म्हणजे गाडीला पिकअप आधी मिळतो आणि ब्रेक नंतर बसतात. पंधरा वर्षांच्या पोराला धोका कळत नाही असं अजिबात नाही. शांतपणे बसवून विचारलं तर तो मोठ्यांइतकंच बरोबर उत्तर देतो. घोळ होतो तो डोकं तापलेलं असताना किंवा मित्र सोबत असताना.

मी माझंच सांगते. दहावीत असताना ट्यूशन सुटल्यावर आम्हा मैत्रिणींना कळलं की सिंदेवाहीच्या बाहेर रस्त्याच्या कडेला वाघ बसलाय. आम्ही तिघी एका स्कूटीवर वाघ बघायला निघालो. अंधार पडत आलेला. वाघ किती जवळ येऊ शकतो, हे आमच्या तालुक्यातल्या पोरींना वेगळं शिकवावं लागत नाही. मोहफूल वेचायला गेलेल्या माणसांच्या बातम्या ऐकतच आम्ही मोठ्या झालो. तरी गेलो. वाघ दिसला नाही, वनरक्षक दिसला आणि त्यानं जे झापलं ते अजून आठवतं. मी एकटी असते तर त्या वेळी गल्लीच्या टोकापर्यंतही गेले नसते.

यावर २००५ मध्ये लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ. कधी थांबायचं, किती धोका पत्करायचा, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. मोठी माणसं एकटी खेळोत की मित्रांसमोर, फारसा फरक पडला नाही. तेरा ते सोळा वयाची मुलं मात्र मित्र बघत असताना जवळपास दुप्पट धोका पत्करत होती. तो प्रयोग वाचला तेव्हा मला ती स्कूटी आठवली.

जंगलातला मुक्काम

परत माणिककडे येऊ. गुरू गेले आणि काही काळानं माणिक घराबाहेर पडला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, ताडोबा, गोंदेडा अशी रानं त्यानं पालथी घातली. यातलं गोंदेडा आपल्या शेजारच्या चिमूर तालुक्यात. तिथल्या ज्या गुंफेत त्यानं साधना केली, ती आजही आहे. दरवर्षी तिथे यात्रा भरते, आपल्या भागातून लोक जातात.

माणिकच्या मेंदूचा स्कॅन कुणी काढलेला नाही. त्याच्या साधनेचा अर्थ एमआरआयनं लावता येईल, असा माझा दावाही नाही. पण घर सोडून अनोळखी जागी जायची ओढ, भीतीपेक्षा मोठं वाटणारं कुतूहल, मी कोण आहे हा प्रश्न, या गोष्टी त्या वयाच्याच आहेत. माणसाचं पिल्लू कधीतरी घरट्याबाहेर पडणारच. निसर्गानं त्याचा मेंदू त्यासाठी तयार केलाय. जो धोका पत्करतो तोच नवीन शिकतो आणि जो पत्करतो तोच पडतोही. दोन्हींचं मूळ एकच.

माणिककडे जंगलात आणखी एक गोष्ट होती. खंजिरी. एका हातात मावेल एवढं वाद्य. आपल्याकडे गावोगावच्या भजन मंडळांत आजही वाजतं. तो गात राहिला, वाजवत राहिला, स्वतः रचत राहिला. १९२५ मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षी, त्यानं ‘आनंदामृत’ हा ग्रंथ लिहिला. अकरावीच्या वयात ग्रंथ. शाळेत फार न गेलेल्या मुलानं.

याला आपण चमत्कार म्हणून हात जोडू शकतो. मला त्यात छाटणी आणि वेष्टणही दिसतं. ज्या वयात मेंदू ठरवत असतो की काय ठेवायचं आणि काय टाकायचं, त्या वयात हा मुलगा रोज शब्द जुळवत होता, ताल धरत होता, लोकांसमोर गात होता. ते राहिलं. नुसतं राहिलं नाही, पक्कं झालं. पुढे त्यांनी मराठी आणि हिंदीत हजारो भजनं रचली आणि हजारोंच्या सभा खंजिरीवर धरून ठेवल्या. त्याची तयारी पंचविशीच्या आतच झाली होती.

एकट्याचा मेंदू आणि गर्दीचा

रानातून माणिक गावांत परतला आणि भजनं म्हणत फिरू लागला. १९३५ मध्ये महाराजांनी अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. तेव्हा वय होतं सव्वीस. विज्ञान म्हणतं, कपाळामागचा भाग साधारण पंचविशीत जुळून येतो. मला हा योगायोग आवडतो, त्यापेक्षा जास्त मी त्याला काही म्हणत नाही. पण आयुष्याची दिशा मात्र खरंच बदलली. एकट्यानं रानात फिरणारा मुलगा आता संस्था बांधायला लागला. १९३६ मध्ये ते गांधीजींकडे सेवाग्रामला महिनाभर राहिले.

मग आलं १९४२. चिमूर आपल्याला नवीन नाही. महाराजांच्या भजनांनी हा सगळा भाग आधीच जागा झाला होता. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूरमध्ये मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळीबार केला. बालाजी रायपूरकर हा तरुण शहीद झाला. चिडलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. नंतर लष्कर आलं आणि गावानं, विशेषतः बायकांनी, जे भोगलं ते वाचवत नाही. २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपूरला अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवून डिसेंबरमध्ये सोडलं.

चिमूरचे लोक डोकं गमावलेले होते, असं म्हणण्याइतकी मी मूर्ख नाही. ते स्वातंत्र्यासाठी उभे होते आणि त्यांच्यात सगळ्या वयाची माणसं होती. मला एवढंच म्हणायचंय की गर्दीत आपण एकट्यापेक्षा वेगळे असतो. तरुण वयात तर जास्तच. एकट्यानं जे धाडस होत नाही ते सोबतीनं होतं. ते धाडस कधी तिरंगा घेऊन पुढे नेतं, तर कधी अशा जागी नेतं की परतीचा रस्ता राहत नाही.

महाराजांना गर्दीची ही ताकद पुरती ठाऊक असणार, कारण त्यांचं सगळं आयुष्य गर्दीसमोर गेलं. आणि तुरुंगातून आल्यावर त्यांनी जे उभं केलं ते पाहा. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखा. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. ग्रामसफाई. व्यायाम. व्यसनाच्या विरोधात काम. जातीभेद आणि अस्पृश्यतेच्या विरोधात काम. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट चार जणांनी मिळून करायची आहे. मित्र सोबत असताना तरुणाच्या अंगात दुप्पट जोर येतो, हे प्रयोगशाळेत कळलं २००५ मध्ये. आपल्या गावांत तो जोर झाडू आणि खंजिरीला लावायचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

पुढे त्यांनी ‘ग्रामगीता’ लिहिली, एकेचाळीस अध्यायांची. गाव कसं असावं, घर कसं असावं, बाईला मान कसा असावा, शिक्षण कसं असावं, सगळं त्यात आहे. १९५५ मध्ये ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, तिथेही खंजिरी सोबत होती. १९५६ मध्ये त्यांनी देशभरातल्या साधूंना एकत्र आणून भारत साधू समाजाची उभारणी केली. ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीत त्यांचं निधन झालं. वय एकोणसाठ. त्यांची समाधी तिथेच आहे.

मग शाळा सोडायची का?

नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण थोरांची चरित्रं वाचून नेमका हाच अर्थ काढणारे आपल्यात कमी नाहीत. घर सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाचा तुकडोजी होत नाही. जे रानात हरवले, वाईट माणसांच्या हाती लागले, आजारी पडून गेले, त्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही म्हणून ती आपल्याला दिसत नाहीत. स्वतः महाराजांनी शाळा फारशी पाहिली नाही, पण आयुष्यभर गावांना शिक्षणाचं महत्त्व सांगितलं.

त्यांच्या चरित्रातून मला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली आपल्यासाठी. आपण आता अठरा, वीस, बावीस वर्षांचे आहोत. छाटणी सुरू आहे. रोज जे करतो ते राहणार. रोज तीन तास रील्स बघत असू, तर मेंदू त्याचाही रस्ता पक्का करतोय. रोज पहाटे पोलिस भरतीसाठी रस्त्यावर धावत असू, बांसरी वाजवत असू, गोंडी शिकत असू, तर तेही राहणार. मेंदू चांगलं-वाईट बघत नाही, वापर बघतो. आणि पुढे आयुष्यभर शिकता येतंच, पण इतका मऊ गारा परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट मोठ्यांसाठी, आणि थोडी माझ्यासाठी. माणिकला आडकोजी भेटले होते. या वयातल्या मुलाला ब्रेक कमी असतात, तेव्हा बाजूला बसणारं एक माणूस लागतं. त्यानं हँडल हातात घेऊ नये, फक्त बाजूला असावं. आई असेल, सर असतील, गॅरेजचा मिस्त्री असेल. अनेक मानसिक आजारांची सुरुवातही याच वयात होते. म्हणून पोरगं एकदम गप्प झालं, झोप-जेवण बिघडलं, तर तो माजलाय असं ठरवण्याआधी विचारलं पाहिजे. घरी बोलता येत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ वर फोन लावला की मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

थोडी माझ्यासाठी असं का म्हटलं, तेही सांगते. माझा एक चुलतभाऊ दहावीत नापास झाला. त्या वर्षी घरात त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. वाया गेला, हे मीसुद्धा म्हटलं होतं, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मी तेव्हा फर्स्ट इयरला होते आणि मला वाटायचं मला सगळं कळतं. नंतर तो गावातल्या टोळीसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेला. दरवर्षी जातो. आता एकोणीस वर्षांचा आहे.

हा लेख लिहिताना मला आठवलं की लहानपणी तो आमच्या गावच्या मंडळात खंजिरी वाजवायचा. आठ-नऊ वर्षांचा असेल, पण ताल असा की म्हातारी माणसंही वळून बघायची. नापास झाल्यावर त्यानं मंडळात जाणं बंद केलं आणि कुणी त्याला बोलवायलाही गेलं नाही.

परवा त्याला फोन केला. वर्षभरात पहिल्यांदाच. मिरचीनं हात जळतात हे त्यानं हसत हसत सांगितलं. मी माफी मागायचं ठरवून फोन केला होता, पण ते काही जमलं नाही. मी फक्त खंजिरीचं विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानंच विचारलं, मंडळ अजून बसते का, आणि त्याच्या जागी आता कोण वाजवते. मी मंडळातल्या आजोबांकडे चौकशी केली. त्याच्या जागी कुणीच वाजवत नाही.

पाडव्यापर्यंत तो गावी येतो म्हणालाय. एकोणीस वर्षांचा आहे. अजून वेळ आहे.